टेस्ट पास आहे, मासा मेलाय

"माझ्या मशीनवर तर चालतंय!" आपल्या धंद्यातलं याहून निर्लज्ज वाक्य मला माहीत नाही. पण मंडळी, रसायनांच्या जगात याचा एक सख्खा भाऊ आहे. "स्टँडर्ड टेस्टमध्ये मासे जगले, म्हणजे पदार्थ सुरक्षित." आज त्याची जरा खबर घेऊ.

आधी टेस्ट कशी असते ते बघा. एखादं रसायन पाण्यातल्या जिवांना किती घातक आहे हे मोजायच्या ओईसीडीच्या ठरलेल्या पद्धती आहेत. शेवाळावर ७२ तास, डॅफ्निया नावाच्या इवल्याशा पाणजिवावर ४८ तास, माशांवर ९६ तास. टाक्यांमध्ये रसायनाचं वेगवेगळं प्रमाण ठेवायचं आणि कितीला निम्मे मासे मरतात ते बघायचं. तो आकडा म्हणजे एलसी५०. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. मासे कुठले? तर बहुतेक वेळा लॅबमध्ये सहज वाढणारे, झेब्राफिश, मेडाका वगैरे. पद्धत चांगलीच आहे. माझं भांडण तिच्याशी नाही, तिच्या निकालावर जे बांधलं जातं त्याच्याशी आहे.

आता खरा किस्सा. अमेरिकेत सिएटलच्या आसपास, प्यूजेट साउंडला मिळणाऱ्या ओढ्यांत कोहो साल्मन समुद्रातून अंडी घालायला परत येतात. शहरातल्या ओढ्यांत पाऊस पडून गेला की हे मासे तोंड वासून भेलकांडत पोहायचे आणि काही तासांत मरायचे. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. काही ओढ्यांत परतलेल्या माशांपैकी ४० ते ९० टक्के असे जायचे. शोध वर्षानुवर्षं चालला होता. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये झेन्यू तियान, एडवर्ड कोलोजे, जेनिफर मॅकिंटायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये गुन्हेगार जाहीर केला. तो निघाला टायरमधून!

रबराला ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये ६-पीपीडी नावाचं रसायन घालतात. जवळजवळ सगळ्याच टायरमध्ये, तुमच्या-माझ्या गाडीच्यासुद्धा. ते ओझोनशी संयोग पावतं आणि त्यातून ६-पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायर झिजतो, भुगा रस्त्यावर पडतो, पाऊस तो ओढ्यात नेतो. कोहोसाठी या क्विनोनचा एलसी५० आधी लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम निघाला, २०२२ मध्ये सुधारून ९५ नॅनोग्रॅम. म्हणजे किती? दहा हजार लिटरचे अडीचशे पाण्याचे टँकर घ्या, त्यात मिळून पाव ग्रॅम टाका. निम्मे कोहो खलास.

आणि मजा (?) पुढेच आहे. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी हेच क्विनोन झेब्राफिश, मेडाका आणि डॅफ्नियावर तपासलं. ते मेले नाहीत. कोहोचा जवळचा नातेवाईक चम साल्मन, तोही ठणठणीत! म्हणजे नेहमीचे जीव घेऊन कोणी आधीच टेस्ट केली असती, तर रिपोर्ट हिरवागार आला असता. सगळे टेस्ट केस पास, आणि प्रॉडक्शनमध्ये मुडद्यांचा खच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, प्रत्येक पदार्थ प्रत्येक माशावर कसा तपासणार?" नाहीच तपासता येणार. मान्य. बिना ६-पीपीडीचा टायर तडकून रस्त्यावर माणूस मेला तर, हाही प्रश्न खोटा नाही. पण एक सांगा, ओझोनला भिडणं हे या रसायनाचं कामच आहे ना? त्यासाठीच तर त्याला टायरमध्ये नोकरीला ठेवलंय. मग त्या भिडण्यातून जे उरतं, ते जिथे वाहत जाणार तिथल्या माशांवर विकण्याआधी तपासायचं, ही काय फार मोठी मागणी झाली? "मूळ रसायन पाण्यात लवकर मोडतं" हा दिलासा नव्हे. मोडून काय होतं, तो खरा प्रश्न.

आणि हा बग शोधला कोणी? ज्यांनी टायर विकले त्यांनी नाही. विद्यापीठांतल्या लोकांनी, विक्रीनंतर काही दशकांनी. २०२३ मध्ये युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लालम या साल्मनवर जगणाऱ्या आदिवासी जमातींनी अर्ज केला, तेव्हा कुठे त्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नियम करायच्या प्रक्रियेला होकार दिला. नुकसान ज्यांचं, धावाधावही त्यांचीच. वा रे न्याय!

आपल्याकडे कोहो नाही, म्हणून हुश्श करू नका. आपल्या पर्यावरण नियमांतही माशांची कसोटी आहे: कारखान्याच्या न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. चांगला नियम आहे, पण तो पाइपाच्या तोंडाशी लागतो. पहिल्या पावसात रस्त्यावरून नदीत जाणाऱ्या काळ्या पाण्याचा मालक कोण? त्याची टेस्ट कोण करणार, आणि आपल्या नद्यांतल्या कुठल्या माशावर?

उपाय अगदीच नाहीत असं नाही. तेच रस्त्याचं पाणी वाळू-कंपोस्टच्या थरातून गाळलं की कोहो जगतात, हे २०१५ मध्येच दिसलं होतं. तोवर निदान एवढं करा. कोणी "टेस्ट केलंय, सेफ आहे" म्हणालं की आपण कोड रिव्ह्यूला विचारतो तेच विचारा: नक्की काय टेस्ट केलं, कशावर, आणि काय सोडून दिलं?