'प्रॉक्सी एआरपी चालू ठेवा, कंप्लेंट येत नाही' म्हणणाऱ्यांना

मागच्या व्हिडिओत लेयर थ्री स्विच सेट करताना मी प्रॉक्सी एआरपी बंद केला. त्यावर आपल्याच लाइनमधल्या एक-दोघांचा फोन आला. "सर, चालू राहिला तर बिघडतं काय? उलट कस्टमरची कंप्लेंट येत नाही." कंप्लेंट येत नाही, हाच माझा आक्षेप आहे.

एआरपी म्हणजे पीसी नेटवर्कवर ओरडून विचारतो, "हा आयपी कोणाचा? मॅक अ‍ॅड्रेस सांगा." ज्याचा आयपी, त्याने उत्तर द्यायचं. प्रॉक्सी एआरपीत खरा मालक दुसऱ्या सबनेटमध्ये असतो आणि त्याच्या वतीने स्विच स्वतःचा मॅक देतो. आपण घरी नसताना वॉचमन कुरियर घेतो ना, तसं. 1987 साली आरएफसी 1027 मध्ये ही पद्धत मांडली, कारण तेव्हा कितीतरी मशीनना सबनेट हा प्रकारच कळत नव्हता. आज आपल्या कस्टमरकडे तशी मशीन किती?

वाळूजला एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझीच फजिती झाली. ऑफिस 192.168.1 मध्ये, सर्व्हर 192.168.2 मध्ये. बिलिंगच्या पीसीला कोणीतरी 255.255.255.0 ऐवजी 255.255.0.0 मास्क टाकून ठेवलेला. त्यामुळे पीसीला वाटायचं, सर्व्हर आपल्याच नेटवर्कमध्ये आहे. तो गेटवेकडे न जाता थेट एआरपी विचारायचा आणि जुना स्विच गुपचूप उत्तर द्यायचा. काही वर्षं असंच चाललं. मग तो स्विच जळाला, मी नवा बसवला, आणि नव्यात प्रॉक्सी एआरपी बंद. इंटरनेट चालू, बाकीचे पीसी चालू, फक्त बिलिंगवरून सर्व्हर दिसेना. माल भरलेली गाडी गेटवर उभी, बिल निघेना, आणि मालक मला विचारतोय, "काल तर चालू होतं, तुम्ही काय केलं?"

तीन तास केबल आणि फायरवॉल तपासण्यात गेले. मास्क दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. खरं सांगतो, प्रॉक्सी एआरपी चालू करून घरी जायचा मोह मलाही झाला होता. पण मग पुढचा स्विच बदलणारा पोरगा माझ्यासारखाच अडकला असता.

तुमच्या साइटवर बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी मायनस ए' टाका. दुसऱ्या सबनेटचे आयपी दिसले आणि सगळ्यांपुढे एकच मॅक असला, तर समजा मास्क चुकलाय आणि स्विच सांभाळून घेतोय. सिस्कोच्या आयओएसमध्ये हे मुळातच चालू असतं, 'शो आयपी इंटरफेस'मध्ये दिसतं. व्हीएलएएन इंटरफेसवर 'नो आयपी प्रॉक्सी-एआरपी' दिलं की बंद. साध्या अनमॅनेज्ड स्विचला हा प्रश्नच नाही. पण चालू साइटवर घाईने बंद करू नका हं! आधी एकेका पीसीचा, प्रिंटरचा, डीव्हीआरचा मास्क आणि गेटवे तपासा, मग सुट्टीच्या दिवशी कमांड द्या.

एखाद्या जुन्या मशीनच्या कंट्रोलरमध्ये गेटवे टाकायची सोयच नसते. तिथे ठेवा चालू, माझी हरकत नाही. फक्त त्याच व्हीएलएएनवर ठेवा, आणि कोणत्या मशीनसाठी ठेवलाय ते कागदावर लिहून रॅकच्या दारावर आतून चिकटवा.