जाळीवर खापर, इंजिनाला अभय

मालेगाव तालुक्यातल्या जऊळक्यात काय किंवा वाशीम जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाजारगावात काय, डिझेल गाडीच्या मालकाला आज एक सल्ला हमखास मिळतो : "थे जाळी काढून टाका भाऊ, गाडी मोकळी होते." जाळी म्हणजे डीपीएफ, सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, काजळी अडवणारा सच्छिद्र गाळणीसारखा भाग. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकायच्या असं ठरलं आणि डिझेल गाडीत ही जाळी सर्रास आली. सल्ला देणारे मिस्त्री अडाणी नसतात, लबाडही नसतात. तरीही हा सल्ला मला मुळापासून चुकीचा वाटतो.

आधी त्यांचं म्हणणं नीट ऐकू. ही जाळी लांब पल्ल्याच्या रस्त्यांसाठी आहे. आमची गाडी घर, वावर आणि बाजार समिती एवढंच फिरते. महिन्या-दोन महिन्यांनी दिवा लागतो, गाडीची ताकद जाते, शोरूमवाला नवी जाळी टाकायला सांगतो, आणि तिची किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसतो. जाळी काढली, संगणकातला प्रोग्रॅम बदलला, की गाडी ओढते, दिवा विझतो. हा अनुभव खोटा नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

जाळीत दोन वेगळ्या वस्तू साठतात. एक काजळी, म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. दुसरी राख, आणि ती प्रामुख्याने इंजिन ऑइलमधून येते. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस यांची संयुगं मिसळलेली असतात; ऑइल जळलं तरी ती उरतात. चुलीत लाकूड जळून जातं आणि राख मागे राहते, तसंच हे. काजळी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जळते, म्हणून गाडी अधूनमधून जादा डिझेल फवारून जाळी तापवते आणि स्वतःच ती साफ करते. राख कितीही तापवली तरी जात नाही.

आता हिशेब करा. एक लिटर ऑइलचं वजन साधारण ८५० ग्रॅम. त्यात राखेचं प्रमाण १ टक्का धरलं तर लिटरमागे साडेआठ ग्रॅम. धडधाकट इंजिनाने १० हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जाळलं तर लाख किलोमीटरला ८५ ग्रॅम राख होते. रिंगा झिजलेल्या इंजिनाने हजार किलोमीटरलाच लिटर खाल्लं, तर तेवढ्याच अंतरात ८५० ग्रॅम. सगळी राख जाळीपर्यंत पोहोचत नाही, पण दहापटीचा फरक तर राहतोच. जाळी तीच, कंपनी तीच, फक्त इंजिनाची तब्येत वेगळी. मग जाळी तुंबली तर दोष कुणाचा?

झिजलेल्या इंजिनात काय होतं, हे मिस्त्र्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात ते हेच. ज्वलनाचा वायू रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतो आणि तिथल्या ऑइलचं धुकं घेऊन ब्रीदरच्या नळीने बाहेर पडतो. आजच्या गाड्यांत ती नळी पुन्हा टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते. म्हणजे ते ऑइल इंजिनातच जळतं आणि त्याची राख जाळीत जाऊन बसते. वाटेत ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेच्या, काजळीत मिसळून इनटेकमध्ये डांबरासारखा थरही धरतो. जाळी काढून टाकली म्हणून यातलं काय थांबलं? बिघाड सांगणारा दिवा तेवढा विझला.

रिंगा झिजतात त्याला आपल्या भागात एक ठळक कारण आहे : धूळ. पांदण रस्त्याची, थ्रेशरची, सोयाबीनच्या हंगामात उडणारी. हवेचा फिल्टर कंप्रेसरची हवा मारून पुन्हा पुन्हा बसवला जातो. जोराच्या हवेने कागद फाटतो, बारीक माती सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा-लायनर घासते. उलट तो चोंदलेला तसाच ठेवला, तर टर्बो हवेसाठी जास्त ओढ लावतो आणि ब्रीदरमधून ऑइल अधिक खेचतो. काही शे रुपयांचा फिल्टर वाचवायला जाऊन जाळी आणि इंजिन दोन्ही पणाला लागतात.

दुसरं कारण अधिक आडवळणाचं आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. जाळी साफ करायला गाडी जादा डिझेल फवारते, आणि नेमकं त्याच वेळी आपण बाजारात पोहोचून चावी फिरवतो. साफसफाई अर्धी राहते, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. दर खेपेला थोडं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं आणि मालक खूश होतो की आपली गाडी ऑइल खात नाही. प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेलं असतं. पातळ ऑइलने रिंगा आणखी झिजतात, बॅक कॉम्प्रेशन वाढतं, जाळीकडे आणखी ऑइल जातं. डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली, तर त्याच दिवशी ऑइल बदलायला हवं.

जाळी मोकळी करायला डिझेलमध्ये ओतायच्या बाटलीतल्या औषधाचाही पुरस्कार होतो. त्याला इतिहास आहे : २००० साली प्यूजो ६०७ या मोटारीत प्रथम अशी जाळी आली, तेव्हा सिरियमचं द्रावण डिझेलमध्ये मोजून मिसळण्याची सोय गाडीतच होती. त्याने काजळी कमी तापमानाला जळे. राखेवर मात्र त्याचा इलाज नव्हता, उलट त्याची स्वतःची राख जाळीत भर घाली. मग दुकानातली बाटली तुंबलेली जाळी मोकळी करेल यावर मी विश्वास का ठेवावा?

कॅच कॅनचं मी समर्थन करतो, पण अर्धंच. ब्रीदरच्या नळीत बसवलेला हा डबा ऑइलचं धुकं गाळून साठवतो, इनटेक स्वच्छ राहतो. पण तो वेळेवर रिकामा केला नाही किंवा बारीक नळीचा बसवला, तर चेंबरमध्ये दाब कोंडतो, सील फुटतात, टर्बोचं ऑइल खाली परतत नाही आणि टर्बोच ऑइल ओकू लागतो. डबा भराभर भरत असेल तर ती इंजिन उघडण्याची सूचना समजावी. ब्रीदरची नळी सरळ जमिनीकडे सोडून देणं हा तर उपायच नव्हे.

'पीयूसी पास होते, मग बिघडलं काय?' हा शेवटचा युक्तिवाद. पीयूसीचं यंत्र धुराचा काळेपणा मोजतं. जाळी जे अतिसूक्ष्म कण अडवते, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या यंत्राला मोजता येत नाहीत. डिझेल मोटारींच्या कणांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये साडेचार झाली. ही घट मुख्यतः जाळीच्या जिवावर. डिझेलचा धूर कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या गाड्यांमागे हमाल पोती उचलत असतात. तो धूर आधी त्यांच्या छातीत जातो, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच आहे. गाडीत असा फेरफार करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार शिक्षा आहे, पण दंडाचा धाक नसता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

मग करायचं काय? दिवा लागला की जाळीला हात लावण्याआधी डिपस्टिक पाहा, ब्रीदरचा दाब पाहा, टर्बोच्या पाइपात ऑइल साचलंय का पाहा, नोझल तपासा. जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्याही पाहा. त्या फुटल्या तरी दिवा लागतो. ऑइल पिंपातलं जुन्या गाड्यांचं नको. पिकअप-ट्रकला सीके-४ दर्जाचं, ज्यात राखेची मर्यादा १ टक्का आहे. मोटारीला तिच्या पुस्तिकेत असेल ते, बहुधा ०.८ टक्क्यांचं सी३. इंजिन ठीक करून राखेने भरलेली जाळी काढा आणि उलट्या हवेच्या यंत्रावर साफ करून घ्या. ॲसिडने धुतली तर आतला लेप जातो.

आणि गाडी पळवा. समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातूनच गेला आहे. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. आठवड्यातून एकदा अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालली, तर काजळी जळायला लागणारी उष्णता मिळते. ज्याची गाडी वर्षभर गावाबाहेर पडणारच नाही, त्याने बीएस-६ डिझेल घेऊच नये, पेट्रोल घ्यावी. हे विकणाऱ्याने सौद्याच्या वेळी सांगायला हवं. तो सांगत नसेल तर गावातल्या मिस्त्र्याने सांगावं, कारण लोक त्याचंच ऐकतात.