तेल बंद केलं, तरी पोट का उतरत नाही?

वर्षावास सुरू झाला त्या रविवारी कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत वंदनेनंतर आम्ही टेप घेऊन बसलो होतो. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाचा ९० च्या आत हवा, एवढंच समजावायचं होतं. एक ताई टेप बघूनच मागे सरकली. "सिस्टर, तीन महिने तेलाचा थेंब घेतला नाही. भाजी पाण्यात शिजवते. पोट आहे तसंच, वर चक्कर येते ती वेगळीच."

दिवसभरात काय खाता, विचारलं. सकाळी दोन कप गोड चहा आणि बिस्किटांचा पुडा. दुपारी ताटभर भात, वर पातळ वरण. चारला पुन्हा चहा-बिस्किट, कारण भूक राहवत नाही. रात्री चार चपात्या. तेल गेलं आणि त्याची जागा पिठाने, साखरेने घेतली. शिवाय बिस्किटात पामतेल असतंच, पुड्यामागे बारीक अक्षरात छापलेलं असतं.

यात त्या ताईचा दोष नाही, आमचाच आहे. वॉर्डात आणि ओपीडीत आम्ही नर्सेसनी वर्षानुवर्षं "तेल-तूप बंद करा" एवढंच सांगितलं. रांग मोठी असली की तेच सोपं पडतं. खाल्लेलं तेल सरळ पोटावर जाऊन बसतं, असं लोकांना वाटलं तर नवल काय? गरजेपेक्षा जास्त आलेल्या कोणत्याही अन्नाची शरीर चरबी करून ठेवतं. जास्तीच्या भात-साखरेचीही यकृतात चरबीच होते.

एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, एक ग्रॅम पिठात-साखरेत ४, हे खरं. म्हणून तेल ओतून चालत नाही. पण थोडं तेल जेवणात असलं की अन्न पोटात जास्त वेळ टिकतं आणि तासाभरात हात डब्याकडे जात नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तर स्निग्ध पदार्थाशिवाय अंगी नीट लागतच नाहीत. पाण्यात शिजवलेल्या पालेभाजीतलं अर्धं मोल असंच वाया जातं.

राजा पसेनदी जड पोटाने धापा टाकत बुद्धांकडे आला, ही संयुत्त निकायातली गोष्ट विहारात आपण ऐकतो. तो भाताचा मोठा वाटा खायचा. बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवायला सांगितलं, तो हळूहळू भात कमी करत गेला आणि हलका झाला.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाणाऱ्या आपल्या बायका उलटीच गोष्ट घरी आणतात. मॅडम भात-पोळी सोडून लोणी, चीज, तूप खातात आणि बारीक होतात म्हणे. काही जणी होतातही, कारण एकूण खाणं कमी होतं. पण त्या तुपाचा खर्च आपल्या घराला झेपायचा नाही, आणि वर नेहमीचा भात सुटला नाही तर वजन वाढेलच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच जेवायची पद्धतही वस्तीत पोचली आहे. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नका. साखर एकदम खाली जाते आणि माणूस जागच्या जागी कोसळतो.

माप सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत बैठं काम करणाऱ्या बाईला रोज २० ग्रॅम, पुरुषाला २५ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. दोन पुरुष, दोन बायका असं घर असेल तर महिन्याला साधारण तीन लिटर. पिशवी आणली की तारीख टाका, मग कळेल किती जातं ते. तळणीचं उरलेलं काळं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. गाडीवरचा वडा ज्या तेलात निघतो त्याचा रंग एकदा वाकून बघाच. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळ्याची चटणी, अंडं, तारली, बांगडा यांतूनही चांगली स्निग्धता मिळते. गावाकडची आजी हे सगळं करायची. आपण शहरात येऊन पुडा उघडायला शिकलो.

त्या ताईला भाजीत तेल परत घालायला सांगितलं. सकाळी अंडं, दुपारी मूठभर शेंगदाणे, भात निम्मा, रात्री दोनच चपात्या, पुडा बंद. चक्कर येते म्हणून पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८ निघालं. तीन महिने सगळ्यांचं लक्ष पोटावर, आणि अंगात रक्तच नाही! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. वर्षावास संपायच्या सुमारास ती विहारात आली आणि टेप स्वतःच मागून घेतला. घेर दोन बोटं कमी होता.