शस्त्राचा प्रवास आणि प्रजासत्ताकाचा विश्वास

विजयादशमीस भक्तिभावाने शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाला शस्त्राचे वावडे कधीच नव्हते. शस्त्र ज्याच्या हाती आहे त्याच्या विवेकावर सारे अवलंबून असते. हा विवेक ओळखून कायदा करणे हे स्वराज्याचे लक्षण. साऱ्या प्रजेवर सरसकट अविश्वास दाखवणे हे परसत्तेचे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली आलेल्या शस्त्र कायद्याने युरोपीयांना मोकळीक दिली आणि भारतीयांना निःशस्त्र केले. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला, २०१६ साली नवी नियमावली आणली. तरीही जुना अविश्वास पुरता ओसरला आहे काय? परवानाधारकाला आपली बंदूक एका गावाहून दुसऱ्या गावी धाडायची असते, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना हवा, हे कलम ३ सांगते. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी अथवा धारकाच्या वापरासाठी त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रान्वये दुसऱ्याने शस्त्र नेण्यास त्याच कलमात मुभा आहे. कलम १२ अन्वये केंद्र सरकार अधिसूचना काढून विनापरवाना शस्त्रवाहतुकीस मनाई करू शकते. कलम २० तर अधिक कठोर आहे. शस्त्र परवान्याचे असो वा नसो, बेकायदा वापराचा रास्त संशय यावा अशा परिस्थितीत ते नेणाऱ्यास पोलिसांप्रमाणेच रेल्वे, विमान वा अन्य वाहनावरील कर्मचारीही वॉरंटाविना अटक करू शकतो. कलम ३६ प्रमाणे एखाद्या पेटीत वा गाठोड्यात बेकायदा शस्त्र असल्याचा संशय आल्यास नजीकच्या पोलीस ठाण्यास कळवणे, हे वाहतूक कर्मचाऱ्याचे कर्तव्यच आहे.

ही कठोरता अनाठायी नाही. १९९३ च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली, ट्रकांतून मुंबईकडे गेली आणि १२ मार्च रोजी २५७ निरपराधांचे प्राण गेले. त्या वाहतुकीकडे डोळेझाक करणाऱ्या पोलीस व सीमाशुल्क खात्यातील काहींना न्यायालयाने दोषी ठरवले. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकण्यात आली. या राष्ट्रद्रोही मालाला ना परवाना होता, ना पावती. नियमांचा तुटवडा तेव्हाही नव्हता. तुटवडा होता तो सचोटीचा.

याउलट प्रामाणिक नागरिकाची स्थिती पाहा. टपाल खाते शस्त्राचे पार्सल घेत नाही. खासगी कुरिअरवाल्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीतही शस्त्र असतेच. ज्याच्या परवान्याची हद्द जिल्ह्यापुरती वा राज्यापुरती आहे, त्याला ती ओलांडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. कायमचे स्थलांतर केल्यास ३० दिवसांच्या आत जुन्या व नव्या अशा दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवावे लागते. सीमेवर आयुष्य वेचलेला निवृत्त सैनिक या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. त्यांचा आदर्श ठेवून रायफल हाती घेणाऱ्या तरुणाच्या वाट्यालाही कागदपत्रांचे हेच ओझे येते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो वारसांचा. वडील निवर्ततात, गावच्या घरी बंदूक उरते आणि पुण्या-मुंबईचा मुलगा ती गाडीत घालून घेऊन येतो. वडिलांचा परवाना हा मुलाचा परवाना नव्हे. अशा वेळी कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे, हाच सरळ मार्ग आहे. नकळत झालेली ही चूक सज्जन कुटुंबाला न्यायालयाच्या पायऱ्या चढावयास लावू शकते.

मग उपाय कोणता? नियम सैल करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. वाट अरुंद असली तरी चालेल, पण ती असावी. प्रत्येक परवानाधारकाची नोंद आज विशिष्ट ओळख क्रमांकासह राष्ट्रीय संगणकीय कोशात होते. त्याच क्रमांकावर प्रवासाची पूर्वसूचना नोंदवता यावी आणि तिची पोच हाच मार्गपरवाना मानला जावा. दुरुस्ती, विक्री वा स्थलांतरासाठी एका परवानाधारक विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे, शासनमान्य वाहतूकदारामार्फत, मोहोरबंद पेटीतून शस्त्र धाडण्याची सोय असावी. काडतुसे स्वतंत्र जावीत, दोन्ही टोकांच्या पोलीस ठाण्यांना खबर असावी. यामुळे राज्यसंस्थेची नजर अधिक तीक्ष्णच होईल.

तोवर परवानाधारकांनी कायदा काटेकोरपणे पाळावा. ओळखीच्या चालकाकडे बंदूक सोपवणे, खासगी बसच्या डिकीतून ती पाठवणे, असले सोयीचे मार्ग निग्रहाने टाळावेत. जो समाज शस्त्राची पूजा करतो, त्याने शस्त्राची शिस्तही पाळलीच पाहिजे. आणि ही शिस्त पाळणाऱ्या नागरिकाकडे गुन्हेगाराच्या नजरेने न पाहणे, एवढी अपेक्षा स्वकीयांच्या शासनाकडून करणे वावगे ठरू नये.