साक्ष ऐकायला सगळे, खाट उचलायला कोण?



आपल्याला साक्ष ऐकायला फार आवडते. चांगला खेळणारा मुलगा दारूत बुडाला, घर उघड्यावर आले, मग प्रभू भेटला आणि बाटली सुटली, असे कुणी माईकवर सांगितले की आपले डोळे भरून येतात. देवाची स्तुती असो! पण तो बुडत होता त्या वर्षांत आपण कुठे होतो, हे कुणी विचारत नाही. आज ते विचारायचे आहे.

आपण म्हणतो, गरिबीमुळे पोरे बिघडतात. डिचोलीकडे पाहिले तर पटते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा. कर्जाने घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. हप्त्याची भ्रांत असलेल्या घरात पोराला खेळायचे बूट कुठून येणार? पण पेडण्याकडेही बघा. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर पर्यटनाचा पैसा आला, 2022 च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. एका तालुक्यात पैसा आटला, दुसऱ्यात आला; बाटली दोन्हीकडे पोचली. गरिबी घाव घालते हे खरे, पण सगळा दोष तिच्या माथी मारून आपण सुटत नाही. सामना जिंकला की दारू, हरला की दारू, आणि कोवळ्या पोराच्या हातात पहिला ग्लास देणारा बहुधा आपल्यातलाच कुणी मोठा माणूस असतो.

नाव झाले की पोर वाचेल, असेही नाही. विनोद कांबळी मुंबईच्या चाळीतून आले. 1988 मध्ये शाळेच्या सामन्यात सचिन तेंडुलकरसोबत 664 धावांची भागीदारी, पुढे 17 कसोट्यांत 54 ची सरासरी. 2024 च्या डिसेंबरात शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमातला त्यांचा थकलेला चेहरा आपण मोबाईलवर पाहिला, हळहळलो आणि पुढे पाठवला. त्यांनी मात्र उपचार घ्यायला तयार असल्याचे आणि कुटुंब आपल्यासोबत असल्याचे मोकळेपणाने सांगितले. 1983 चा विश्वचषक जिंकलेले खेळाडू मदतीला तयार झाले. मदत अशी असते. व्हिडिओ पुढे पाठवणे ही मदत नव्हे.

“आम्ही प्रार्थना करतो ना!” असे कुणी म्हणेल. जरूर करा. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा. तो पक्षघाती स्वतः एक पाऊलही चालला नव्हता. चौघांनी त्याला वाहून आणले, छप्पर उसवले आणि खाट खाली सोडली. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. आणि बरा झाल्यावर त्याला कुठे पाठवले? घरी. आपण मात्र त्याला लगेच व्यासपीठावर चढवतो.

रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून नुसती शपथ घ्यायला लावून मोकळे होऊ नका. त्याला बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात डॉक्टरांकडे न्या. स्वतः दारूतून सुटलेल्या फादर ज्यो परेरांनी 1981 मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. धर्मगुरू असूनही त्यांनी प्रार्थनेच्या जोडीला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची वाट धरली आणि अय्यंगार गुरुजींची योगासनेही घेतली. देवाची कृपा डॉक्टरच्या हातूनही येते, हे मानायला आपल्याला कसली अडचण?

म्हणून माझे मागणे साधे आहे. फेस्ताच्या स्पर्धेला बारवाल्याचे पैसे नकोत, बक्षीस समारंभानंतर बाटली नको. पिणाऱ्याच्या घरी आधी त्याच्या आईकडे, बायकोकडे जा; “तुझ्याच लाडाने बिघडला” हे ऐकवायला नव्हे, तर मुलांची फी भरली का, चूल पेटली का हे बघायला. सरावाला जाणाऱ्या पोराचे बसभाडे आपल्यातल्या चौघांनी वाटून घ्यावे. सुटलेला पुन्हा घसरला तर दार लावू नका, पुन्हा उचला.

साक्ष उशिरा मिळाली तरी चालेल, माणूस आधी घरी पोचू दे. प्रभू आपल्या हातांना खाट उचलण्याचे बळ देवो. आमेन.