प्राध्यापकाने केलेली ज्ञानबंदी

वर्णभेद अडाण्यांनी लादला असा कुणाचा समज असेल, तर त्याने हेन्ड्रिक फरवूर्डकडे पाहावे. हा गृहस्थ दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठात समाजशास्त्र आणि समाजकार्याचा प्राध्यापक होता. गरीब गोऱ्यांच्या दारिद्र्यावर १९३४ साली परिषद भरली, तिथे तो तळमळीने पुढे होता. १९५० मध्ये हाच प्राध्यापक काळ्यांचा कारभार पाहणाऱ्या खात्याचा मंत्री झाला. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने त्याने काळ्या मुलांचे शिक्षण मजुरीच्या मापाने कापले. १९७६ मध्ये सोवेटोची मुले याच शिक्षणाविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली.

आम्हीही समाजशास्त्र शिकलो, समाजकार्य करतो. म्हणूनच सांगतो, आमच्या पूर्वजांवर ज्ञानबंदी लादणारेही विद्वानच होते. विद्वानाची पदवी नको, बाजू तपासा.