विश्लेषण : इन्व्हर्टरवर काय चालवावे, बॅटरी कोणती घ्यावी?

लेड-ॲसिड बॅटरीवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लिथियम-आयन बॅटरीला १८ टक्क्यांचा दर २०१८ पासूनच लागू होता. म्हणजे करापुरत्या दोन्ही आता एका पातळीवर आहेत आणि निवड पूर्णपणे गरजेवर येऊन ठेपली आहे. मात्र दुकानात पहिला प्रश्न बहुधा ‘घर किती बीएचके?’ असाच विचारला जातो. खरा प्रश्न ‘किती वॅट आणि किती तास?’ हा आहे. त्याचे उत्तर घरातून काढून न नेल्यास पंधरा-वीस हजारांच्या खरेदीनंतरही दीड-दोन तासांत पंखे थांबतात.

वीज किती वेळ जाते, हे का महत्त्वाचे?

२००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाला दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. इन्व्हर्टर घरोघरी पोहोचला तो त्या काळात. आज चित्र वेगळे आहे. शहरांत देखभालीसाठी ठरलेल्या दिवशी काही तास वीज बंद असते किंवा वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडते. कोकणात ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा संकटाला घरगुती इन्व्हर्टर पुरा पडत नाही. तो दोन ते सहा तासांच्या खंडासाठी असतो. महिन्यातून अर्धा तासच वीज जात असेल, तर एक चार्जिंगचा दिवा आणि राउटरसाठी छोटा यूपीएस पुरेसा ठरतो. त्यामुळे खरेदीपूर्वी महिनाभर वीज गेल्याच्या आणि आल्याच्या वेळा टिपून ठेवणे फायद्याचे.

व्हीए, वॅट आणि ॲम्पियर-अवर म्हणजे काय?

इन्व्हर्टरवरचा ‘व्हीए’चा आकडा एका वेळी किती भार उचलता येईल ते सांगतो. घरगुती इन्व्हर्टरमध्ये त्याच्या साधारण ०.८ पट वॅट धरतात. म्हणजे ९०० व्हीएचा इन्व्हर्टर सुमारे ७०० वॅट उचलतो. बॅटरीवरचा ‘एएच’ म्हणजे ॲम्पियर-अवरचा आकडा तो भार किती वेळ चालेल ते ठरवतो. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर इन्व्हर्टर हा नळ आणि बॅटरी ही टाकी. नळ मोठा केला म्हणून टाकीतले पाणी वाढत नाही. मोठा इन्व्हर्टर घेऊनही ‘बॅकअप’ तेवढाच राहिल्याची तक्रार अनेक जण करतात, त्याचे कारण हेच.

घराचा हिशेब कसा मांडायचा?

वीज गेल्यावर खरोखर लागणारी उपकरणेच कागदावर लिहावीत. उदाहरणार्थ, ७५ वॅटचे तीन साधे पंखे म्हणजे २२५ वॅट, नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे म्हणजे ४५, राउटरचे १० आणि टीव्हीचे ६०. एकूण ३४० वॅट. आता १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. पण लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही काही ऊर्जा उष्णतेत घालवतो. त्यामुळे हाती सुमारे १,१०० वॅट-तास लागतात. त्याला ३४० ने भागले की सव्वातीन तास मिळतात. बॅटरी नवी असतानाचा हा हिशेब आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यात घट येते. म्हणून आज तीन तास हवे असतील, तर हिशेब चार तासांचा करावा.

पंखे बदलून काय साधते?

वेळ वाढवण्याचा स्वस्त मार्ग बऱ्याचदा छताला टांगलेला असतो. बीएलडीसी मोटरचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ३० वॅट घेतो. वरच्या घरातले तीन पंखे बदलले, तर भार ३४० वरून २०५ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी सव्वातीनऐवजी सव्वापाच तास चालते. तीन पंख्यांचा खर्च नव्या ट्युब्युलर बॅटरीपेक्षा सहसा कमी असतो. बॅटरी फक्त वीज गेल्यावर कामाला येते, तर पंखा रोजच फिरतो. तिन्ही पंखे दिवसाला दहा तास चालले, तर महिन्याला सुमारे ४० युनिट वाचतात. सीलिंग फॅनवर जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल बंधनकारक आहे, त्यामुळे तुलना करणेही सोपे झाले आहे. इन्व्हर्टर मात्र शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर साधे पंखे गुणगुणतात आणि मोटर असलेली उपकरणे जास्त तापतात.

कोणती उपकरणे इन्व्हर्टरवर नकोत?

उष्णता निर्माण करणारी कोणतीही वस्तू नको, हा सोपा नियम. गिझर आणि इंडक्शन शेगडी प्रत्येकी दोन हजार वॅटच्या आसपास, तर इस्त्री हजार वॅटपर्यंत जाते. मोटरची गोष्ट वेगळी. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालू असताना साधारण ७५० वॅट घेतो, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. फ्रिजचेही तसेच. वीज दोन-तीन तासांसाठी गेली असेल, तर फ्रिजचे दार बंद ठेवणे पुरेसे असते. विदर्भ-खान्देशातल्या घरांसाठी कुलर हा कळीचा मुद्दा आहे. पंखा आणि पंप धरून तो दीडशे-दोनशे वॅट किंवा त्याहून अधिक घेतो. तो हवाच असेल, तर हिशेबात सुरुवातीपासून धरावा. एसीसाठी मात्र घरगुती एका बॅटरीचा इन्व्हर्टर उपयोगाचा नाही.

घरी रुग्ण असेल तर?

इथे अंदाज चालत नाही. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो आणि सतत चालतो. म्हणजे इतर सर्व काही बंद ठेवले, तरी १५० एएचची नवी बॅटरी जेमतेम तीन तास पुरेल. अशा घरी त्या यंत्रासाठी स्वतंत्र इन्व्हर्टर असावा आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हाताशी ठेवावा. यंत्राच्या मागच्या पट्टीवरचे वॅट वाचूनच खरेदी करावी. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून यंत्रणा प्रत्यक्ष किती वेळ चालते ते तपासावे. पण त्या वेळी रुग्ण सिलिंडरवर असायला हवा.

लेड-ॲसिड की लिथियम?

ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त, सर्वत्र मिळणारी आणि स्थानिक मेकॅनिकच्या सवयीची. योग्य काळजी घेतली तर ती चार-सहा वर्षे टिकते. पण ती पूर्ण चार्ज व्हायला दहा-बारा तास घेते. सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन तास वीज जात असेल, तर ती क्वचितच पूर्ण भरते. अर्धवट चार्ज राहिल्याने प्लेटवर सल्फेट साचते आणि बॅटरी लवकर बाद होते. अशा ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट सरस ठरते. ती काही तासांत भरते, जवळपास पूर्ण वापरता येते आणि तिला पाणी लागत नाही. म्हणूनच १०० एएचची लिथियम बॅटरी १५० एएचच्या लेड-ॲसिडच्या जवळ जाते. किंमत मात्र चढी असते. शिवाय जुन्या इन्व्हर्टरला ती थेट जोडता येत नाही. त्याच्या चार्जरमध्ये लिथियमची सोय असावी लागते. थोडक्यात, वीज कधीतरी जात असेल तर लेड-ॲसिड आणि रोज जात असेल तर लिथियम.

दुकानात आणि घरी काय पाहावे?

बॅटरीवर एएचच्या शेजारी ‘सी-१०’ किंवा ‘सी-२०’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ ती क्षमता दहा तासांत रिकामी करून मोजली की वीस तासांत. हळू रिकामी केल्यास बॅटरी जास्त ऊर्जा देते, त्यामुळे सी-२० चे १५० एएच हे सी-१० च्या १५० एएचपेक्षा प्रत्यक्षात कमी भरतात. तुलना नेहमी समान मोजणीवर करावी. वॉरंटी ६० महिन्यांची सांगितली जाते, पण त्यातले मोफत बदलीचे किती आणि फक्त किमतीत सवलतीचे किती, हे कार्डवर पाहावे. उत्पादनाचा महिनाही वाचावा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही उतरत असते.

घरी लेड-ॲसिड बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बंद कपाट किंवा देवघराचा कोपरा नको. उन्हाची गॅलरीही टाळावी, उष्णतेने आयुष्य झपाट्याने घटते. पाणी भरायचे ते डिस्टिल्डच; नळाचे किंवा आरओचे नको.

छतावर सौर पॅनेल असूनही अंधार का?

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागले. त्यानंतर अनेक घरांनी पॅनेल बसवले. पण यातले बहुतेक संच ऑन-ग्रिड असतात. ग्रिडची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तो बिघाड नाही. छतावरची वीज तारेत शिरली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो, म्हणून ही सुरक्षा सक्तीची आहे. भर दुपारी, वीज नसतानाही पॅनेलचा उपयोग हवा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हे संच बसवण्यापूर्वीच ठरवावे. नंतर बदल करणे महाग पडते.

जुन्या बॅटरीचे काय?

तिच्यात शिसे असल्याने तिला किंमत येते आणि भंगारवाला कधीकधी दुकानदारापेक्षा चार पैसे जास्त देतो. पण उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवणे हे शिशाच्या विषबाधेचे मोठे कारण आहे. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक पातळीवर आहे; बॅटरीचा असुरक्षित पुनर्वापर हा त्यामागच्या प्रमुख स्रोतांपैकी एक आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटरी परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्यावी.